एका पायातला बूट

संग्रहालयात झाडू मारताना चित्रातल्या त्या चिमुरडीला मी रोज विचारायचो, "काय गं, दुसरा बूट कुठे हरवलास?" उतारवयात अक्षरं शिकलो आणि चित्राखालची पाटी वाचली: 'जुने चितारी वारलेल्या मुलांना एकाच पायात बूट दाखवत.' म्हणजे पोर केव्हाच गेली होती. त्या दिवसापासून मी तिच्याकडे पाठ करून झाडू लागलो.

परवा एक म्हातारी नातीबरोबर आली. नातीने पाटी वाचून दाखवली, तशी ती उसळली. "मेली ती पाटी! बूट चावत होता म्हणून भिरकावला मी. आईचा धपाटा खाल्ला, पण घातला नाही. चितारी बिचारा दिसलं तसं काढून मोकळा झाला."

"आजी, ती तुम्हीच कशावरून?" मी झाडू बाजूला ठेवून विचारलं.

तिने चप्पल काढून पाय पुढे केला. करंगळी शेजारच्या बोटावर चढून बसलेली, अगदी चित्रातल्यासारखी.

साहेब पाटी बदलतील तेव्हा बदलतील. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चित्रासमोर उभा राहिलो आणि विचारलं, "काय गं कारटे, बूट चावतो होय?"