आईच्या हातचा केक

"संत्री किती घ्यायची?" सुनेने तिसऱ्यांदा विचारलं.

"तीन," सासूबाई म्हणाल्या. मग जरा थांबून, "की चार? तू बघ गं तुझ्या अंदाजाने."

सून हातात संत्रं धरून उभीच राहिली. ज्या केकची वाखाणणी ती लग्न ठरल्यापासून ऐकत आली होती, तो करणाऱ्या बाईलाच संत्री किती लागतात ते ठाऊक नाही? आता कुणाला विचारायचं, तेही तिला कळेना.

सासूबाईंचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता, गळ्यात झोळी बांधून अडकवलेला. त्यामुळे यंदाचा केक सुनेच्या गळ्यात पडला होता. आणि नेमकी यंदाच नणंद येणार होती, सात वर्षांनी.

तिच्या लग्नावरून बापलेकीचं कडाक्याचं वाजलं होतं. "तुमच्या हातचं पाणीसुद्धा पिणार नाही," असं बापाला सुनावून ती जी गेली, ती पुन्हा फिरकली नाही. सासरेही तसलेच, मोडेन पण वाकणार नाही. घराशी तिचा एकच धागा उरला होता. तिच्या दर वाढदिवसाला आईचा संत्र्याचा केक डब्यातून तिच्याकडे जायचा. भाऊ पोचवून यायचा. डबा घासूनपुसून परत यायचा, पण चिठ्ठी कधी नसायची. परवा मात्र तिचा फोन आला होता. "वाढदिवसाला तासभर येते. केक असेल ना?"

"केक बिघडला तर सगळंच बिघडलं," सासूबाई सकाळपासून घोकत होत्या.

सुनेने तो होताना कधी पाहिलाच नव्हता. तीन वर्षं ती या घरात होती, पण केकच्या दिवशी सासूबाई तिला आणि नवऱ्याला बाहेर पिटाळायच्या आणि स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायच्या. "चार माणसं बघायला लागली की केक फुगत नाही," असं वर ऐकवायच्या. सासरे तेवढे आत असायचे, भांडी विसळायला.

आत्ताही ते टेबलाशी पेपर उघडून बसले होते. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली त्यांनी. गेल्या हिवाळ्यात हाताला कंप सुटला आणि दुकानाला कुलूप लागलं. त्यांच्या हातातला पेपर सारखा फडफडत होता.

"साल किसताना खालचं पांढरं आलं तर चालेल?" सुनेने विचारलं.

"येऊ दे की. पौष्टिक असतं."

पेपरामागे ठसका लागला. "कडू होतं," सासरे म्हणाले.

"पेपरात आलंय वाटतं?" सासूबाई म्हणाल्या.

"पेपरातच आलंय."

सुनेने पांढरं टाळलं. लोणी आणि साखर फेसून झाली. अंडी एकेक करून घालायची की सगळी एकदम, यावर सासूबाईंनी दोन मिनिटांत दोन उत्तरं दिली. ओव्हन किती तापवायचा विचारल्यावर म्हणाल्या, "मध्यम. आपण गॅस ठेवतो ना, तसा."

ही बाई विसरायला लागली होती की काय? की सुनेला सांगायचंच नव्हतं? तिला आधी राग आला, मग रागाची लाज वाटली, आणि शेवटी नुसतीच भीती उरली. आज रात्री नवऱ्याशी बोलायचं, डॉक्टरांची वेळ घ्यायची, असं तिने मनाशी ठरवलं.

साचा काढायला तिने खालचा खण उघडला. मापाच्या चमच्यांमध्ये एक टोकदार, बारीक चिमटा पडला होता, घड्याळजी वापरतात तसला.

"हा इथे कसा?"

"या घरात कुठली वस्तू जागेवर असते?" सासूबाईंनी डाव्या हाताने चिमटा घेतला आणि झोळीत टाकला.

केक फुगला. सुनेचा जीव भांड्यात पडला. संत्र्याच्या रसात पिठीसाखर घोटून ग्लेझ तयार होतंच. ते गरम केकवर ओतायला तिने वाटी उचलली, तेवढ्यात सासऱ्यांनी धाडकन पेपर मिटला.

"जरा गार होऊ द्या, मग."

चहाबद्दल असेल, असं तिला वाटलं. पण त्यांचा चहा तर कधीच गार झाला होता. तिने गोंधळून वाटी खाली ठेवली. केक गार झाल्यावर ओतलं, तेव्हा ग्लेझ वर छान धरलं.

"वर पाकातल्या सालीचे तुकडे किती लावायचे?"

"लाव दहाबारा."

"बारा," पेपर पुन्हा उघडत सासरे म्हणाले.

तिने बोटांनी बारा तुकडे कडेने लावले. एकदोन घसरले, पण दुरुस्त करायला वेळच नव्हता. बेल वाजली.

नणंद आत आली. आईचं प्लास्टर पाहून तिचे डोळे भरले. तिने आईला जवळ घेतलं, वहिनीचा हात दाबला. बापाकडे मात्र पाहिलं नाही. सासऱ्यांनी पेपर बाजूला सारला आणि दोन्ही हात टेबलाखाली घेतले.

केक समोर आल्यावर ती तो बराच वेळ नुसता न्याहाळत राहिली. तिचं बोट सालीच्या तुकड्यांवरून हवेतच गोल फिरलं, दोन ठिकाणी अडखळलं. मग तिने एक घास घेतला आणि सावकाश चावला.

"कसा झालाय?" सासूबाईंनी घाईघाईने विचारलं. "हिने केलाय, पण मी समोर बसून शब्दन् शब्द सांगितलाय हो. अगदी माझ्याच हातचा."

नणंदेने बशी खाली ठेवली. सात वर्षांत पहिल्यांदा तिने बापाकडे तोंड वळवलं.

"बाबा, दरवर्षी तुम्ही करता, मग यंदा का नाही केलात?" ती म्हणाली. "हात दाखवा बघू. काय झालंय?"