दोरीच्या अलीकडे

ठाण्याच्या स्टेडियममध्ये मुलींचा बास्केटबॉलचा अंतिम सामना संपत आला होता आणि कल्याणचं कॉलेज दोन गुणांनी मागे होतं. केदार सर पाहुण्यांच्या खुर्च्यांमध्ये बसले होते. शेजारच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या.

गेल्या वर्षापर्यंत कल्याणच्या या संघाचे कोच तेच होते. कॉलेजने क्रीडा व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम सुरू केला, त्यांना प्राध्यापक केलं आणि संघ रुपालीकडे दिला. रुपाली त्यांचीच जुनी खेळाडू. स्टाफरूममध्ये सगळ्यांनी अभिनंदन केलं होतं. आता या स्पर्धेचं आयोजन त्यांच्या विद्यार्थ्यांकडे होतं. बॅनर, पास, बसायच्या जागा, सगळं वर्गात शिकवल्याप्रमाणे चोख चाललं होतं.

समोरच्या संघातली उंच मुलगी पुन्हा ऐश्वर्याला चकवून गेली. ऐश्वर्या कल्याणच्या संघातली, जवळच्याच मोहने गावची. डावा हात तयार व्हावा म्हणून सरांनी तिला महिनाभर डाव्या हाताने चहा प्यायला लावला होता. मघापासून त्यांना दिसत होतं, ती उंच मुलगी आत घुसायच्या आधी दर वेळी उजवा खांदा किंचित झुकवते. ऐश्वर्याला ते दिसत नव्हतं. ती चेंडूकडे बघत होती.

रुपालीने टाइमआउट घेतला. सर उठले आणि पायऱ्या उतरून खेळाडूंच्या बाकाकडे निघाले. आपण उठलोय, हे त्यांना खाली पोचल्यावर कळलं.

मैदानाभोवती दोरी बांधली होती. तिथे संचिता उभी होती, त्यांच्याच वर्गातली.

"सर, इथून पुढे फक्त प्लेअर्स आणि कोच."

"मला एकच गोष्ट सांगायची आहे त्यांना."

संचिता अवघडली. तिने सरांच्या गळ्यातल्या पाहुण्यांच्या पासकडे पाहिलं. "सर, तुम्हीच बोललेलात ना, प्रिन्सिपल आले तरी सोडायचं नाही?"

"हो," सर म्हणाले. "बरोबर आहे तुझं."

दोरी त्यांच्या कमरेएवढीही नव्हती. पलीकडे मुली रुपालीभोवती डोकी जोडून उभ्या होत्या. एक हाक मारली असती तर सगळ्यांनी वळून पाहिलं असतं. रुपाली हलक्या आवाजात काहीतरी सांगत होती. सरांनी हाक मारली नाही.

खेळ सुरू झाला. उंच मुलगी चेंडू घेऊन आली, तिचा खांदा झुकला, आणि ऐश्वर्या आधीच तिच्या वाटेत उभी होती. चेंडू ऐश्वर्याच्या हातात आला. तो खांदा रुपालीनेही हेरला होता.

शेवटची शिट्टी झाली तेव्हा कल्याण पुढे होतं. मुलींनी रुपालीला उचललं. कोणी रडत होतं, कोणी घरी फोन लावत होतं. मध्येच ऐश्वर्याला सर दिसले. तिने हसून हात केला. सरांनीही केला. तेवढ्यात तिला कोणीतरी फोटोसाठी ओढून नेलं.

संचिता जवळ आली. "सॉरी हं सर. काय सांगायचं होतं तुम्हाला त्यांना?"

"काही नाही," ते म्हणाले. "त्यांना पाणी मिळालंय का, ते बघ."