बुडावरचं नाव

"हा हंडा थोरल्या भावाने घडवलाय, एव्हारिस्तोंनी," पर्यटकांना घेऊन येणाऱ्या ओतिलियाबाई पाहुण्यांना इंग्रजीत सांगत होत्या. "तांब्याच्या एका गोळ्यातून, कुठेही जोड नाही. उद्या तो जत्रेतल्या स्पर्धेला जातोय."

भट्टीपाशी बसलेल्या धाकट्या लिओबार्दोने हातातली सांडशी घट्ट आवळली. शिकागोच्या खानावळीत तीन वर्षं भांडी घासल्यामुळे त्याला इंग्रजी समजत होतं. थोरल्याला त्यातलं अक्षर कळत नसे, पण आपलं नाव आलं की मान तुकवायची एवढं तो शिकला होता. त्याने ती तुकवली.

हंडा लिओबार्दोचा होता. अख्खा पावसाळा त्याने तो ठोकला, मठारला, पुन्हा तापवला, पुन्हा मठारला. थोरला तेव्हा अंगणात खुर्ची टाकून गिऱ्हाइकांशी गप्पा छाटत होता. आणि परवा हंडा तयार झाल्या झाल्या या गृहस्थाने खिशातून आपल्या नावाचा ठसा काढला आणि बुडावर ठोकून दिला. का, म्हणून विचारलं, तर म्हणाला, "भट्टी कुणाची आहे?"

"बाई," लिओबार्दो आपल्या भाषेत म्हणाला, "काल तुम्हाला काय सांगितलं होतं? हंडा माझा आहे. सांगा त्यांना तसं."

ओतिलियाबाईंच्या तोंडावरचं हसू जागचं हललं नाही. "मालक सांगतात ते मी सांगते. घरचं भांडण घरात मिटवा. माझ्या लोकांसमोर तमाशा नको."

"काय म्हणतोय तो?" गवती टोपी घातलेल्या एका पाहुणीने विचारलं. चांगली उंच, दणकट बाई होती.

"तुम्ही आलात म्हणून त्यांना फार आनंद झालाय."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"जरा हसलास तर दात पडतील का तुझे?" थोरला म्हणाला. "तुझ्या नावाला या गावात कोण विचारतंय? बाप गेला तेव्हा मी इथे होतो. तू कुठे होतास?"

"बापाने घण माझ्या हातात दिला होता. तुझ्या हातात काय दिलं होतं, आठवतंय? झाडू."

थोरल्याचा चेहरा काळवंडला. टोपीवालीने पुन्हा ओतिलियाबाईंकडे पाहिलं.

"वडिलांची आठवण निघाली दोघांना," ओतिलियाबाई म्हणाल्या. टोपीवालीने डोळ्याला रुमाल लावला.

मग दर खेपेचा खेळ सुरू झाला. पाहुण्यांनी एकेक करून घण उचलायचा आणि ऐरणीवरच्या गार तुकड्यावर घाव घालायचा. तुकडा भंगारातला असे, त्याचं काही बिघडण्यासारखं नव्हतं. थोरला सवयीने ओरडत होता, "हळू, अहो हळू, पायावर घ्याल!" आणि ओतिलियाबाई सवयीने सांगत होत्या, "ते म्हणताहेत, जोरात मारा." पाहुणे खिदळत होते. टोपीवालीने असा घाव घातला की तुकडा उडून भिंतीवर आपटला.

"चला, आवरा," ओतिलियाबाईंनी घड्याळ पाहिलं. "तळ्यावर जेवण वाट बघतंय."

लिओबार्दो उठला. त्याने मांडणीवरून हंडा उचलला आणि ओंडक्यात रोवलेल्या लोखंडी खुंटीवर पालथा घातला. बूड वर आलं. त्यावर थोरल्याचं नाव होतं आणि खाली आडनाव, दोघांचं एकच.

"काय करतोयस?" थोरला म्हणाला.

"राहिलेलं काम पुरं करतोय."

त्याने हातोडीचा एकच ठोका घातला, नेमका. एव्हारिस्तो हे नाव चेपून पुसलं गेलं. आडनावाला धक्का लागला नाही.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. "हा शेवटचा ठोका," ओतिलियाबाई म्हणाल्या. "फार जुनी रीत आहे इथली."

थोरला आधी पांढरा पडला, मग हसला. खिशावर थापटी मारून म्हणाला, "ठोक किती ठोकायचं ते. ठसा माझ्याकडे आहे. संध्याकाळी परत मारीन. उद्या हंडा माझ्याच नावाने जाणार, आणि तू इथेच बसून सांडशी धरणार. तुझा जन्म त्यातच जायचाय."

खरंच होतं ते. भट्टी थोरल्याची, ठसा थोरल्याचा, स्पर्धेचे पंचही थोरल्याच्याच पंक्तीला बसणारे. लिओबार्दोने हंड्याच्या पोटावरून तळवा फिरवला. एकेक ठोका हाताला ओळखीचा लागत होता, आणि त्याचा जीव तुटत होता.

मग त्याने हंडा खुंटीवर आडवा फिरवला, पोट वर केलं, आणि कोपऱ्यातला घण उचलून टोपीवालीच्या हातात दिला.

"आता तुम्ही," तो इंग्रजीत म्हणाला.

"मी? यावर?" ती हरखून गेली. तिने टोपी काढून शेजारच्याकडे दिली, पाय रोवले आणि घण डोक्याच्या वर नेला.

"अरे, थांबवा तिला!" थोरला किंचाळला. "ओतिलियाबाई, सांगा तिला! हात लावू नको म्हणावं!"

टोपीवाली घण तसाच वर धरून थबकली. "काय म्हणताहेत ते?"

सगळे ओतिलियाबाईंकडे बघू लागले. त्यांनी थोरल्याकडे पाहिलं, लिओबार्दोकडे पाहिलं, मग आपल्या लोकांकडे. तोंडावरचं हसू तसंच होतं.

"म्हणताहेत," त्या म्हणाल्या, "जोरात मारा."