चिचुंद्रीचे दात

"पाटील, हा उंदीर नव्हे. ही चिचुंद्री आहे," मालोजी मास्तर म्हणाले.

गोमाजी पाटील अंगणातच उभे होते. ओट्यावर यायला ते तयार नव्हते. "चिचुंद्री काय नि उंदीर काय, जात एकच. घरात मरून पडली ना? मग गाव भायेर काढायचा."

वाडीतली माणसं पाटलांच्या मागे गोळा झाली होती. सावित्री नदीपलीकडच्या गावात उंदीर पडल्याची बातमी पोलादपूरच्या बाजारातून आली होती. घरात उंदीर मरून पडला की प्लेग आला असं समजायचं, घरं सोडायची आणि माळावर झोपड्या घालून राहायचं, असा रिवाज होता. गेल्या साली तसंच केलं. त्या झोपडीत मास्तरांच्या लेकीचं, आवडीचं, पहिलं मूल गारठून गेलं. आता एकोणीसशे चोवीस सालचा पौष होता. थंडी तीच होती. आवडी आत बाजेवर होती आणि तिच्या कुशीत नुकतीच पाचवी झालेलं दुसरं मूल होतं. मेलेलं जनावर तिच्याच बाजेखाली सापडलं होतं.

दाराआडून मास्तरांची बायको प्रयागबाई हळू आवाजात म्हणाली, "अवो, काय बी सांगा त्यांना. पोरीला पुन्हा माळावर न्यायची नाय."

मास्तरांना खोटं बोलता येत नसे. चारचौघांत खरंही धड बोलता येत नसे. त्यांनी प्राणिशास्त्राचं पुस्तक आणून उघडलं, पण अक्षरांवर नजर ठरेना. पुस्तक मिटून त्यांनी फडक्यातलं जनावर हातात घेतलं आणि बोटाने त्याचा ओठ वर केला.

"दात बघा. उंदराचे पुढचे दात पटाशीसारखे असतात, कुरतडायला. हिचे काट्यासारखे आहेत, किडे धरायला. शास्त्रज्ञ असे दात बघून, हाडं बघून जनावरांचे गण ठरवतात. उंदराचा गण वेगळा, हिचा वेगळा. दिसायला सारखी म्हणून ती त्याची कोणी होत नाही. वटवाघूळ उडतं, म्हणून त्याला कोणी पाखरू म्हणेल का?"

"म्हणतो की आम्ही," मागून कोणीतरी म्हणालं.

मास्तर गोंधळले. काय बोलायचं होतं तेच विसरले.

"ऱ्हाते तर उंदराच्याच बिळात," पाटील म्हणाले.

"राहते. एका घरात राहिल्याने जात बदलत नाही."

शेजारची म्हातारी रंगूबाई पुढे झाली. "अरे, मांजराला इचारा ना. रातभर बाजेखाली होतं. उंदीर असता तर शेपूट तरी ठेवलं असतं का तेनं? चिचुंद्रीला तोंड लावीत नाय ते."

माणसं हसली. बातमी आल्यापासून वाडीत कोणी हसलं नव्हतं. या थंडीत माळावर जायचं कोणाच्याच मनात नव्हतं. पाटलांच्या घरीही अंथरुणाला खिळलेली आई होती.

"मग मेली कशानं?" पाटलांनी विचारलं.

"म्हातारी झाली असेल," मास्तर म्हणाले.

पाटील ओट्याची पायरी चढून वर आले. वाकून त्यांनी ते दात पाहिले. "मास्तर, लेकीसाठी तर बोलत नाय ना तुमी?"

"लेकीसाठीच बोलतोय," मास्तर म्हणाले. "पण खरं बोलतोय."

पाटील अंगणाकडे वळून म्हणाले, "कोणी घर सोडायचं नाय. बांधाबांध केली असंल ती सोडा."

माणसं पांगली. मास्तर ओट्यावर बसले. दात बघण्याआधीच आपण उत्तर ठरवलं होतं की काय, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी चिचुंद्री उजेडात धरून पुन्हा पाहिली. दात काट्यासारखेच होते. कुठल्याही पुस्तकात ती चिचुंद्रीच ठरली असती. इतक्या वर्षांच्या वाचनाचा आज घरच्या माणसाला उपयोग झाला, असं त्यांना वाटलं. ते उठले आणि चिचुंद्रीला शेपटीने धरून तसेच आत गेले.

"आवडे, कुठेही जायचं नाही. उंदीर नव्हताच तो."

सकाळपासून आवडीने बाळाला छातीशी घट्ट धरलं होतं. आता तिचे हात सैल पडले. बाळाला तिने शेजारी दुपट्यावर ठेवलं आणि डोळे पुसत हसली.

"मेलीनं जीव खाल्ला गो आमचा," ती आईला म्हणाली. मग बाजेवरून वाकली. "आबा, मला दावा ना दात."

मास्तरांनी चिचुंद्री बाजेच्या कडेशी धरली. ओठ वर केला. जनावर आता पुरतं थंड झालं होतं.

आवडीने एकदम दुपट्यावर चापट मारली. बाळ दचकून रडायला लागलं.

"पिसू," ती म्हणाली. "हिच्या अंगावरनं उडाली. आबा, हिला बी उंदरावाणीच पिसवा हायत."

मास्तरांचा हात तिथेच थांबला. प्लेगाने जनावर मेलं की त्याच्या अंगावरच्या पिसवा दुसरं गरम अंग शोधतात आणि चावून रोग देतात, हे गेल्या साली महाडहून आलेल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. वाडीला ते नीट समजावून दिलं होतं मास्तरांनीच.

बाहेर माणसं गाठोडी सोडत होती. पाटलांच्या घरातून भांड्यांचा आवाज येत होता.

"रडतंय का गो इतकं?" म्हणत प्रयागबाईने दुपटं बाजूला केलं. बाळाच्या पोटरीवर एक बारीक लाल ठिपका होता.