आईवरच्या तीन ओळी

व्हिडिओ पुन्हा लावला, तेव्हाही तिने मान खाली घातली नाही.

तुझी आई मेली, बरं झालं, घरात हवा तरी आली,
तुझं ओझं वाहता वाहता म्हातारी आडवी झाली.
शेवटी तिने नाव घेतलं, ते तुझं नव्हतं, पोरा...

तिथे व्हिडिओ तुटत होता. कुणीतरी मोबाइलवर घेतलेला तेवढाच तुकडा गावभर फिरला होता. सभागृहात कुणीतरी च्यक् च्यक् केलं.

प्रश्न साधा होता. वाचनालयाच्या तळघरात मुलं रॅप करायला जमत. दोघं समोरासमोर उभे राहून ठेक्यावर एकमेकांचे वाभाडे काढत, बाकीचे भोवती कडं करून ताल धरत. ते तळघर चालू ठेवायचं की त्याला कुलूप घालायचं, हे समिती आज ठरवणार होती. कुलुपाच्या बाजूचा सगळ्यात भारी पुरावा म्हणजे या ओळी. म्हणणारा चेहरा दिसत नव्हता. टोपी भुवयांवर ओढलेली, तोंडावर रुमाल, आवाज घोगरा. तळघरात नाव चालायचं ते दाभण. ओळी ज्याला ऐकवल्या तो तिचा धाकटा भाऊ. ज्या बाईवर रचल्या, ती त्या दोघांची आई.

तळघराला कुलूप हवं असलेले नगरसेवक मध्यंतरी तिच्या घरी येऊन गेले होते. आईच्या खुर्चीत न बसता उभ्याउभ्याच बोलले, एवढा मान त्यांनी राखला. तिने फार काही सांगायची गरज नाही, नुसती उभी राहिली तरी काम होईल, असं त्यांचं म्हणणं.

“रडू आलं तर आवरू नकोस, पोरी,” जाताना ते म्हणाले.

“मी बोलेन,” ती म्हणाली. “मध्येच कुणी थांबवायचं नाही, एवढंच बघा.”

त्यांनी शब्द दिला. आईच्या नावावर कुणी आपलं दुकान चालवावं, हे तिला अजिबात मान्य नव्हतं. ते आज बंद करायचं, असं ठरवूनच ती आली होती.

आधी प्राध्यापिका बोलल्या. त्या तळघर वाचवण्याच्या बाजूच्या. दाभणवर त्यांचा मोठा लेख छापून आला होता. हा दाभण विशीच्या आतला, बेकार, बापाविना वाढलेला मुलगा असणार, असं त्यांनी शब्दांच्या निवडीवरून सिद्ध केलं होतं. तो गुन्हेगार नाही, परिस्थितीची पैदास आहे, त्याचा आवाज ऐकला पाहिजे, असं त्या कळकळीने मांडत होत्या. तळघरात कधी उतरलात का, असं समितीच्या अध्यक्षांनी विचारलं. संशोधकाने अंतर राखायचं असतं, असं उत्तर आलं. तळघराला जिनाच नसावा, अशा थाटात.

मग नगरसेवक उठले. त्या आवाजाने त्यांचे कान किटले होते. त्या हलकटाने एका पोराची वाचा घालवली, असं म्हणून त्यांनी हात शेवटच्या रांगेकडे केला. तिथे दाराशी धाकटा बसला होता. त्याने नजर हलवली नाही.

त्याचं बोलणं बंद झाल्याचं सगळ्यांना माहीत होतं. आईचं जाणं आणि तो व्हिडिओ इतके लागोपाठ आले की आधी काय नि मग काय, हे कुणी विचारलंच नाही.

“आणि दैव बघा,” नगरसेवक म्हणाले, “याची बहीण इस्पितळात मुक्या पोरांना बोलतं करते.”

ते खरं होतं. तिची पद्धत साधी आणि जरा निर्लज्ज होती. न बोलणाऱ्या मुलासमोर ती मांजराचं चित्र धरायची आणि ठामपणे ‘हत्ती’ म्हणायची. पुन्हा हत्ती. पुन्हा हत्ती. पोर इतकं वैतागायचं की शेवटी ते ओरडायचंच, मांजर. आया बाहेर बसून रडायच्या. घरी मात्र तिची सगळी चित्रं संपली होती. धाकटा ताटावर बसायचा, उठायचा, भिंतीकडे तोंड करून पडायचा.

एक दाभण, पण तो नगरसेवक आणि प्राध्यापिका दोघांनाही हवा होता. एकाला ठेचायला, दुसरीला मांडायला. मधल्या सुट्टीत प्राध्यापिकांनी तिला व्हरांड्यात गाठलं आणि दोन्ही हात हातात घेतले. क्षमा अवघड असते, हे त्यांना कळत होतं. “पण त्या मुलाला समजून घ्यायचा प्रयत्न करा.”

“करतेच आहे, मॅडम,” ती म्हणाली.

आता अध्यक्षांनी तिला पुढे बोलावलं. नगरसेवकांनी वाटेत घडी केलेला रुमाल पुढे केला. तिने तो घेतला नाही. माइक तिच्या उंचीला जास्त होता. तिने तो खाली ओढला.

अध्यक्षांचा सूर मऊ झाला. “बाई, हा दाभण कोण, याची काही कल्पना?”

“आहे.”

खुर्च्या करकरल्या. नगरसेवक अर्धे उठले.

“नाव सांगाल?”

“सांगते. आधी तुमचा पुरावा पुरा करू द्या. तुम्ही लावता तो व्हिडिओ अर्धा आहे. आई गेली त्या दिवसापासून आमच्या धाकट्याने तोंड उघडलं नव्हतं. डॉक्टर झाले, मी झाले. ज्या संध्याकाळी हा व्हिडिओ घेतला, त्या संध्याकाळी तो पहिल्यांदा बोलला. व्हिडिओ तुटतो ना, त्याच्या पुढच्याच ओळीनंतर.”

“कुठली ओळ?”

तिने टेबलावर बोटांनी ठेका धरला. मान खाली गेली, खांदे पुढे आले, आणि माइकमधून घोगरा आवाज आला, सगळ्यांच्या ओळखीचा.

“खोटं असेल तर खोडून काढ, किती राहशील कोरा?”

शेवटच्या रांगेत धाकटा उभा राहिला.

“खोटं आहे, ताई,” तो म्हणाला. “तिने नाव माझंच घेतलं होतं.”