राहीचं नाव

हरणाबाई पदराखालची पोर ओवरीत ठेवायला वाकली, तोच नागम्मानं हात आडवा धरला.

"पदर काढ."

"ऊन लागलंय तिला. पडून राहील गुमान," हरणाबाई म्हणाली. तिच्यामागं सुगीला निघालेल्या बाया खोळंबल्या होत्या. ज्वारीची काढणी लागली की ईट गावच्या बाया आपली लेकरं मठाच्या ओवरीत म्हाताऱ्या नागम्माच्या हवाली करून रानात जात.

नागम्मानंच पदर बाजूला सारला. तीन वर्षांची राही तापानं फणफणली होती. कपाळावर, तळहातांवर बारीक, टणक पुरळ उठलं होतं. नागम्माचा स्वतःचा चेहरा देवीच्या व्रणांनी भरलेला. तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

काल ही पोर दिवसभर कोमेजून बसली होती. तरी आपण तिला बाकीच्या दहा पोरांत बसवून एकाच परातीत जेवू घातलं. त्या दहांत तिच्या लेकीचा, इरम्माचा बंडप्पाही होता.

"देवी हायेत," ती म्हणाली.

बाया चार पावलं मागं सरल्या.

"देवी टोचणारा गावात आलता तवा कुठं होती ही?"

"कणगीत बसवली व्हती म्या," हरणाबाईची मान खाली गेली. "निजामाचा शिक्का मारत्यात म्हणले लोक. पोरं मोठी झाली की वडून नेत्यात म्हणले."

लेकरं लपवली होती सगळ्यांनीच. इरम्मानंही. नागम्माला ते ठाऊक होतं आणि तेव्हा तीही काही बोलली नव्हती.

तिनं राहीला उचलून घेतलं.

"मला एकदा निघाल्यात, मला परत निघत न्हाईत. ही माझ्यापाशी मागच्या खोलीत राहील. इरम्मा, दहाच्या दहा पोरं चिंचंखाली ने. ह्या घागरीचं पाणी कुणी प्यायचं न्हाय. आन् हरणे, टोचणारा वाशी गावात हाय म्हंत्यात. तू जा, घिऊन ये त्याला."

"पोरीला अशी टाकून?"

"तुझ्या दंडावर लहानपणी टोचल्याची खूण हाय. बाकीच्यांच्या न्हाय. तूच जा."

हरणाबाईनं राहीच्या तोंडाकडं एकदा पाहिलं आणि ती वाशीच्या वाटेला लागली. तिनं मागं वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पाय निघाला नसता.

दुसऱ्या दिवशी दुपार कलताना टोचणारा आला. तुर्की टोपी, हातात पेटी, धुळीनं भरलेले जोडे. मागच्या खोलीचं दार बंद होतं. आत नागम्मा राहीच्या उशाशी बसून होती. बाहेरचा शब्द न् शब्द तिला ऐकू येत होता.

"कोन पहिलं?" टोचणाऱ्यानं विचारलं.

कुणी पुढं होईना. एक बाई म्हणाली, "देवीआई गावात आल्यावर सुई लावली तर कोपंल. हायेत ती लेकरं जातील."

मग हरणाबाईचा आवाज आला. दोन दिवसांच्या चालीनं तो पार बसला होता.

"म्याबी असंच भ्याले. माझी त्या दाराआड पडलीय. ज्यांना बघायचंय त्यांनी बघून या, आन् मग काय लपवायचं ते लपवा."

नागम्मानं दाराला कान लावला. मग बंडप्पाचं रडणं तिच्या कानावर पडलं, आणि इरम्माचं, "झालं, झालं माझ्या राजा." त्यापाठोपाठ दुसरं मूल रडलं. मग तिसरं.

"अव्वा, का रडायलेत?" राहीनं विचारलं. तिचे डोळे सुजून मिटले होते.

"देवी टोचायलेत त्यांना."

"मला कवा बोलावत्यात?"

नागम्मानं कडुनिंबाची डहाळी तिच्या अंगावरून हळू फिरवली.

राही नवव्या दिवशी गेली. तिची वाकळ गावाबाहेर नेऊन जाळली. खोली चुन्यानं सारवली. पंधरा दिवस लोटले, तीन आठवडे लोटले. दहा पोरांतल्या एकाच्याही अंगावर फोड उठला नाही.

ओवरी पुन्हा भरली त्या सकाळी हरणाबाई पायरीशी येऊन उभी राहिली. रानाकडं निघालेल्या बाया तिच्याजवळून जाताना खाली बघत होत्या.

"कामावर न्हाय गेलीस?" नागम्मानं विचारलं.

"माळावर खळ्याच्या कामाला दुसऱ्या गावची माणसं आल्यात. लई लेकरं हायेत त्यांच्यात. एकबी टोचलेलं न्हाय." ती थांबली. "परवा टोचणारा यायचाय. तवर जाऊन सांगावं म्हणते. पर माझं कोन ऐकंल? काय सांगू त्यांना?"

नागम्मा पायरी उतरून तिच्यापाशी आली.

"राहीचं नाव सांग. तिला कणगीत लपवलीती, तेबी सांग."

हरणाबाईनं पदर खोचला. ओठांतल्या ओठांत ते नाव म्हणत ती माळाच्या चढाला लागली.