कंडक्टरचं वेळापत्रक

"दहा चाळीसची सुटायची वेळ झाली," ड्रायव्हर म्हणाला. त्याने पाण्याचा वाडगा कुत्र्यापुढे सरकवला, एक भरलेला ग्लास बायकोच्या हातात दिला आणि दुसरा घेऊन स्वतः बुटक्या स्टुलावर बसला. "कंडक्टर, डबल बेल!"

कंडक्टर दोनदा भुंकला. दारात येणाऱ्या प्रत्येकाला हुंगून तपासल्याशिवाय तो आत सोडत नसे, म्हणून त्याचं हे नाव. ड्रायव्हर प्यायला, बायको प्यायली, मग कंडक्टरनेही वाडग्यात चार वेळा जीभ मारली. ड्रायव्हरने भिंतीवरच्या कागदावर खूण केली.

"तुझ्या ग्लासात तळाला राहिलंय," तो म्हणाला. "त्याला सगळं कळतं हं."

तिने उरलेलं पाणी निमूट संपवलं आणि हसू लपवायला तोंड पदराने पुसलं. नवऱ्यासाठी काय काय करावं लागतं! कारण हे नाटक तिनेच रचलेलं होतं, आणि त्या बिचाऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता.

पस्तीस वर्षं त्याने लांब पल्ल्याची बस चालवली होती. वाटेत थांबता येत नाही, म्हणून पाणी प्यायचं नाही, हा त्याचा नियम. तो निवृत्त झाला, बस गेली, नियम मात्र राहिला. मग रक्ताचा रिपोर्ट आला. मूत्रपिंडं थकली आहेत, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. पाणी वाढवा. तीन महिन्यांत आकडा उतरला नाही, तर पुढचं अवघड आहे.

तिच्या पायाखालची जमीनच सरकली. हा आपला ढिम्म.

"डॉक्टर लोक उगाच घाबरवतात गं."

"अहो, निदान जेवताना तरी एक ग्लास प्या."

"आणि तू?"

"माझं राहू द्या. मी ठणठणीत आहे."

तिने समजावलं, आरडाओरडा केला, दोन दिवस अबोला धरला. तीस वर्षं ती तिकीटखिडकीवर बसली होती. रांग संपेपर्यंत जागची हलायची नाही आणि भल्याभल्यांना एका नजरेत गप्प करायची. पण या एका प्रवाशापुढे तिने हात टेकले. दुपारी कपाळाला बाम चोळत ती विचार करत राहिली. याचा जीव कुणावर आहे? कंडक्टरवर.

सोमवारी ती भाजी आणायला म्हणून निघाली आणि थेट जनावरांच्या दवाखान्यात पोचली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, हसऱ्या होत्या.

"कुत्रा पाणी कमी पितो, असं त्यांना सांगा," ती म्हणाली. "आणि सोबत कुणी प्यायलं तरच पितो, असंही सांगा. माझं ऐकत नाहीत हो. कुत्र्याचं ऐकतील."

यावर डॉक्टरीणबाई इतक्या हसल्या की टेबलावरची कापसाची बरणी पडता पडता वाचली. त्यांनी खण उघडून आत पाहिलं, परत लावला आणि डोळे पुसले. आपली युक्ती एवढी आवडली, याचं तिला बरंच वाटलं.

"बुधवारी तिघंही या, काकू."

बुधवारी त्यांनी कंडक्टरच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडली, हिरड्यांवरून बोट फिरवलं आणि चेहरा गंभीर केला.

"पाणी कमी पडतंय. हा एकटा पिणाऱ्यातला नाही, याला सोबत लागते. दिवसातून आठ वेळा घरच्यांनी त्याच्यासमोर बसून प्यायचं. याला चार घोट पुरेत, तुम्ही मात्र ग्लास भरून. आणि दोघांनीही. एकच जण प्यायला तर याला संशय येतो."

दोघांनी प्यायचं, असं काही ठरलं नव्हतं. पोरीने जरा जास्तच रंग भरला, असं तिला वाटलं, पण नवऱ्यादेखत बोलायची सोय नव्हती.

"दोघांनी तर दोघांनी," ड्रायव्हर लगेच म्हणाला. "कंडक्टरसाठी एवढं करायलाच हवं."

घरी येताच त्याने पट्टी घेऊन वेळापत्रक आखलं. सात दहा, आठ पन्नास, दहा चाळीस. अशा आठ फेऱ्या. एकही चुकली नाही. ती पाहुण्यांशी फोनवर बोलत असली, तरी हा ग्लास घेऊन समोर हजर.

एकच भीती होती. कंडक्टर न्हाणीघरातल्या बादलीतलं पाणी एकटाच, मिटक्या मारत प्यायचा. नवऱ्याने पाहिलं तर सगळंच मुसळ केरात. म्हणून ती रोज पहाटे उठून बादलीवर झाकण घालायची. कधीकधी झाकण आधीच घातलेलं असायचं. आपणच रात्री घातलं असेल, वयच झालं आता, असं म्हणून ती सोडून द्यायची.

दिवस जात होते. बामाची बाटली कपाटात मागे सरकली होती आणि तिच्यावर धूळ बसली होती, पण तिकडे बघायला सवड कुणाला होती! तिचे डोळे कॅलेंडरवर लागले होते.

तीन महिन्यांनी रिपोर्ट आला. आकडा उतरला होता. डॉक्टर म्हणाले, "असंच चालू ठेवा," आणि तिला तिथेच रडू फुटलं. ड्रायव्हर गोंधळून तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

दुसऱ्या दिवशी ती पेढ्यांचा पुडा घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेली.

"तुमचे उपकार कसे फेडू? आमच्या माणसाला तुम्ही वाचवलंत."

"छान झालं, काकू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि तुमचं डोकं? आता दुखत नाही ना?"

तिचा हात कपाळाकडे गेला. खरंच की, कित्येक दिवसांत दुखलं नव्हतं.

"माझं डोकं दुखायचं, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

डॉक्टरीणबाईंनी खण उघडला आणि घडी केलेला एक कागद तिच्यापुढे ठेवला. वरची तारीख ती पहिल्यांदा इथे आली त्या सोमवारच्या दोन दिवस आधीची होती. खाली भिंतीवरच्या वेळापत्रकासारखं ठसठशीत अक्षर होतं.

'बायको पाणी पीत नाही. रोज दुपारी डोकं धरून बसते. माझं ऐकत नाही. कुत्र्याचं ऐकेल.'